अवघड जागेचं दुखणं : अंडकोषात दुखलं तर कधी थांबायचं आणि कधी रात्रीच निघायचं

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी लातूर भागात मुलांच्या वसतिगृहाचा गृहपाल आहे. आठवी ते बारावीची मुलं. आरोग्य विभागात हा धागा काढतोय, कारण या विषयावर मराठीत मोकळेपणाने लिहिलेलं मला फारसं सापडलं नाही, आणि माझ्याकडच्या मुलांना त्याची गरज आहे.

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. मध्यरात्रीनंतर नववीतला एक मुलगा व्हरांड्यात येऊन बसला. पोट दुखतंय म्हणाला, दोनदा उलटी झाली. मेसच्या जेवणाचं काही असेल म्हणावं, तर बाकी सगळी मुलं तेच जेवून गाढ झोपलेली. त्याचं बसणं वेगळं वाटत होतं. गुडघे पोटाशी घेतलेले, पण मांड्या एकमेकींना लागू देत नव्हता. विचारलं तर नुसतं "पोट" म्हणायचा. शेवटी त्याच्या खोलीतला बारावीचा मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, त्याचं खाली दुखतंय. एक बाजू वर ओढल्यासारखी झालीय म्हणतो."

ग्रामीण रुग्णालयातल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि पाच मिनिटांत निर्णय दिला : "अंडकोषाला पीळ पडलेला वाटतोय. इथे वेळ घालवू नका." १०८ ने मेडिकल कॉलेजला नेलं, वडिलांशी फोनवर बोलणं झालं, पहाटे शस्त्रक्रिया झाली. अंडकोष वाचला. तिथले सर्जन म्हणाले, यातली बरीच मुलं दुसऱ्या दिवशी दुपारी येतात. तोवर काढून टाकण्याशिवाय हातात काही उरत नाही.

तो बारावीचा मुलगा बोलला नसता तर मीही सकाळचीच वाट पाहिली असती. म्हणून इथल्या डॉक्टर मंडळींना विनंती आहे. मुलांना, पालकांना आणि माझ्यासारख्यांना समजेल असं सांगा. कशाला घाबरायचं, कशाला नाही?

शल्यकर्मी

सर, त्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना माझा नमस्कार कळवा. असा निर्णय वेळेवर होणं हीच यातली निम्मी लढाई आहे. मी जनरल सर्जन आहे, सरकारी रुग्णालयात. सविस्तर लिहितो.

अंडकोष शुक्ररज्जूला टांगलेला असतो. त्याच्या रक्तवाहिन्या, नसा, शुक्रवाहिनी सगळं त्यातूनच जातं. बहुतेक पुरुषांत अंडकोष मागच्या बाजूने पिशवीला चिकटलेला असतो, त्यामुळे तो फिरत नाही. काहींमध्ये ही पकड जन्मतःच नसते आणि तो घंटेच्या लोलकासारखा मोकळा लोंबतो. असा अंडकोष स्वतःभोवती फिरला की शुक्ररज्जूला पीळ बसतो. आधी अशुद्ध रक्त बाहेर जायचं थांबतं, मग सूज येते, मग शुद्ध रक्त आत यायचंही थांबतं. त्यासाठी मार लागावा लागत नाही, जड उचलावं लागत नाही. झोपेतही होतं. थंडीत पिशवीचे स्नायू आकसतात, तेव्हा जास्त दिसतं असं आमच्यातले बरेच जण सांगतात.

दुखणं सुरू झाल्यापासून साधारण ६ तासांत पीळ सोडवला तर शंभरातले नव्वदच्या आसपास अंडकोष वाचतात. १२ तास झाले की निम्मे. २४ तासांनंतर दहातला एखादाही मुश्किलीने. हे तास दुखणं सुरू झाल्यापासून मोजायचे. दवाखान्यात पोचल्यापासून नाही. रात्री दोनला दुखायला लागलं आणि "सकाळी नऊला ओपीडी उघडली की जाऊ" म्हटलं, तर निघेपर्यंतच सात तास गेले.

१२ ते १८ हे यासाठी सगळ्यात जोखमीचं वय. नवजात बाळांतही होतं. तिशी-चाळिशीत कमी, पण होतच नाही असं नाही. पंचविशीच्या आतल्या दर ४००० मुलांमागे वर्षाला साधारण एक, असं प्रमाण पुस्तकांत दिलेलं असतं. एका तालुक्यातली मुलं मोजून पाहा, म्हणजे हे किती जवळचं आहे ते कळेल.

तुमचा मुलगा "पोट" म्हणत होता ते नुसतं लाजेने नव्हे. गर्भात अंडकोष पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात. त्यांच्या नसा तिथूनच येतात. त्यामुळे खालचं दुखणं खरोखर ओटीपोटात, बेंबीभोवती जाणवतं आणि उलट्याही होतात. उलट बाजूने, मूत्रनलिकेत मुतखडा अडकला तर त्याची कळ कुशीतून थेट अंडकोषात उतरते. म्हणून आमच्याकडे शिकवतात : पोटात दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाची चड्डी उतरवून तपासा. घाईच्या कॅज्युअल्टीत ते राहून जातं. पालकांनीच म्हणावं, "डॉक्टर, खालीही बघता का?" त्यात कुणाचा अपमान होत नाही.

भिंगरी

फार महत्त्वाचा धागा. मी एकटी आई आहे, मुलगा तेरा वर्षांचा. आजवर त्याच्या अंघोळीचं दार बंद झाल्यावर मी काही विचारलेलं नाही. आईने हे विचारायचं कसं? आणि अशा वेळी घरी काय करायचं, काय नाही?

शल्यकर्मी

ताई, दुखायची वाट न पाहता एकदा सहज बोलून ठेवा. "पायाला लागलं की सांगतोस, तसं तिथे दुखलं तरी सांगायचं. रात्री असलं तरी उठवायचं. मी रागावणार नाही." एवढं पुरे. त्याला तुमच्याशी बोलायला अवघड वाटलं तर मामाला, काकाला फोन करायची मुभा द्या. कुणाला सांगतो याला महत्त्व नाही, किती वेळात सांगतो याला आहे.

काय करायचं : उठायचं आणि जिथे शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जायचं. निघताना फोन करून सर्जन आहेत का ते विचारायचं. दुखणं कधी सुरू झालं ती वेळ लिहून न्यायची.

काय नाही करायचं : खायला-प्यायला द्यायचं नाही, चहा किंवा लिंबूसरबतही नाही, कारण भूल द्यावी लागू शकते. शेकायचं नाही, तेल लावून चोळायचं नाही. घरातली वेदनाशामक गोळी देऊन "झोप आता" म्हणायचं नाही. दुखणं दबतं, पीळ तसाच राहतो. आणि अचानक दुखायचं थांबलं तरी जायचं. कधी पीळ आपोआप सुटलेला असतो, कधी आतला भाग मेल्यामुळे कळ कमी झालेली असते. घरबसल्या त्यातला फरक कळत नाही.

जोंधळा

एक शंका. आमच्या तालुक्याच्या गावात रात्री सोनोग्राफी बंद असते. ती झाल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करतात का?

शल्यकर्मी

करतात, आणि लक्षणं स्पष्ट असतील तर करायलाच हवं. रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी उपयोगी आहे, हाताशी असेल तर करावी. पण तिच्यासाठी ६० किलोमीटर जायचं, रिपोर्टची वाट बघायची आणि मग सर्जन शोधायचा, यात अंडकोष जातो. अचानक सुरू झालेली तीव्र वेदना, मळमळ, एक बाजू वर ओढलेली आणि आडवी झालेली, मांडीच्या आतल्या बाजूला हलकंच घासलं तर त्या बाजूचा अंडकोष एरवीसारखा वर उचलला जात नाही : एवढं जुळलं की आम्ही उघडून बघतो. उघडल्यावर पीळ नाही निघाला तर चार टाक्यांवर निभावतं. न उघडता थांबलो आणि पीळ निघाला तर मुलाचा अवयव जातो.

शस्त्रक्रियेत पिशवीवर छोटा छेद घेऊन पीळ सोडवतात. अंडकोष काळानिळा पडलेला असतो. कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून काही मिनिटं थांबायचं आणि बघत राहायचं. रंग हळूहळू गुलाबीकडे सरकला की थिएटरमधले सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मग तो पुन्हा फिरू नये म्हणून टाके घालून पिशवीला बांधतात, आणि दुसरा चांगला अंडकोषही त्याच वेळी बांधतात. पालक इथे दचकतात : "धडधाकट बाजूला का हात लावता?" कारण ती सैल ठेवण जन्मजात असते आणि बहुधा दोन्हीकडे असते.

काढावा लागलाच, तरी एक निरोगी अंडकोष पुरुषाला पुरतो. लग्न, मुलं, दाढी-मिशा, ताकद, कशातही अडत नाही. हे मुलाला आणि त्याच्या आजीला, दोघांनाही सांगावं लागतं.

गल्ली_क्रिकेट

टेनिस बॉल लागला तरी जीव जातो, सीझन बॉलचं तर विचारूच नका. आमच्यात गार्ड न घालता खेळणं म्हणजे मर्दानगी समजतात. लागल्यावर किती वेळ थांबायचं?

शल्यकर्मी

गार्ड घाला, सरावालाही घाला. लागल्यावर आडवं व्हा, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवा, थेट कातडीवर नको. तासाभरात कळ उतरली, सूज नाही, चालता येतंय, तर बहुधा मुका मार आहे. एक-दोन दिवस घट्ट अंडरवेअर आणि विश्रांती.

तासाभरानंतरही तितकंच दुखत असेल, पिशवी सुजत किंवा काळीनिळी होत असेल, उलटी होत असेल, लघवीत रक्त दिसलं, तर लगेच दाखवा. अंडकोषाचं पांढरं जाड आवरण फाटू शकतं आणि ते लवकर शिवलं तर बराच भाग वाचतो. आणखी एक, मार लागल्याच्या निमित्तानेही पीळ पडू शकतो. मग सगळे "बॉल लागला म्हणून दुखतंय" म्हणत बसतात आणि वेळ निघून जातो. लागल्याचा आणि दुखण्याचा हिशेब जुळत नसेल तर शंका घ्या.

पहिलं_दार

मी बीएएमएस आहे, बारा-पंधरा वाड्यांच्या मध्ये दवाखाना. अशा मुलांचं पहिलं दार माझंच असतं, म्हणून लिहितो. माझ्याकडे येण्याआधी एरंडाचं पान गरम करून बांधलेलं असतं, "उष्णता झालीय" म्हणून सब्जा पाजलेला असतो, कुणी लंगोट कसून बांधलेला असतो. मी रागावत नाही. रागावलं की पुढच्या वेळी माणूस येत नाही.

मी एवढंच करतो : पंधरा-सोळाचा मुलगा, अचानक दुखणं, तर माझ्याकडे अँटिबायोटिकचं इंजेक्शन नाही, काढा नाही, "उद्या बघू" नाही. त्याच्यासमोर सर्जनला फोन लावतो, नाव आणि सुरू झाल्याची वेळ सांगतो, गाडी आहे का विचारतो, नसेल तर १०८. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात "पीळ असण्याची शक्यता, उपाशी आहे" लिहितो. फोन आधी गेला की दारात विचारपूस करण्यात जाणारा अर्धा तास वाचतो. माझ्यासारखे जे खेड्यात बसलेत त्यांनी या एका दुखण्यात आपलं औषध पिशवीत ठेवावं, ही कळकळीची विनंती.

राधिका_एन

माझ्या मिस्टरांचं वेगळं आहे. ते ४६ वर्षांचे, मधुमेह आहे. दोन दिवसांपासून लघवीला जळजळ, ताप आणि आता उजवी बाजू सुजून लाल झालीय. हळूहळू वाढलं. मेडिकलमधून गोळ्या आणल्यात. हे पीळ पडण्यातलं आहे का?

शल्यकर्मी

ताई, वर्णनावरून पीळ नसून अंडकोषाच्या मागच्या नळीचा, म्हणजे अधिवृषणाचा, जंतुसंसर्ग जास्त संभवतो. तो असाच येतो : एक-दोन दिवसांत वाढत जाणारं दुखणं, ताप, जळजळ. पण मेडिकलच्या गोळ्यांवर राहू नका, आजच दाखवा. लघवीची तपासणी आणि कल्चर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी झालेलं उत्तम. आता गोळ्या सुरू झाल्यात, तर कोणत्या आणि किती घेतल्या ते सांगा. कोर्स सहसा १०-१४ दिवसांचा असतो आणि बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडायचा नसतो. सूज पूर्ण उतरायला काही आठवडे लागतात, त्याने घाबरू नका.

मधुमेह आहे म्हणून एक गोष्ट नीट वाचा. दिसतंय त्यापेक्षा दुखणं फार जास्त असेल, कातडी जांभळी-काळपट पडायला लागली असेल, दाबल्यावर करकर जाणवत असेल, घाण वास येत असेल, माणूस गळून गेला असेल, तर तो कातडीखालच्या थरांचा कुजवणारा संसर्ग असतो. तो तासातासाने पसरतो आणि जीव घेतो. तिथे रात्र आहे, पाहुणे आहेत, रविवार आहे, काहीही बघायचं नाही.

तरुणांसाठी : पस्तिशीच्या आत अशी सूज बऱ्याचदा लैंगिक संबंधांतून आलेल्या क्लॅमिडिया किंवा गोनोरियाने होते. डॉक्टर त्याबद्दल विचारतील तेव्हा खरं सांगा. ते तुमचं चारित्र्य तपासत नसतात, औषध ठरवत असतात. जोडीदारालाही उपचार लागतात, नाहीतर संसर्ग फिरून परत येतो.

आणि आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही. अँटिबायोटिकने हटत नाही, गाठ कडक, फारशी दुखत नाही, पिशवीच्या कातडीला भोक पडून पू झिरपतोय, तर क्षयरोगाचा विचार करायलाच हवा. क्षय फुप्फुसाबाहेरही होतो. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

राधिका_एन

आत्ताच निघतोय. धन्यवाद.

वैनगंगा

मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य सेवक आहे. आमच्याकडे अंडवृद्धीबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोग जुनाच आहे. क्युलेक्स डास गटारात, सेप्टिक टाकीत, साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. तो चावल्यावर शिरलेले जंतू वर्षानुवर्षं लसीकावाहिन्यांत राहतात आणि पुरुषांमध्ये अंडकोषाभोवती पाणी साठायला लागतं. त्याचे जंतू रक्तात रात्री येतात, म्हणून आम्ही रात्री दारं ठोठावून रक्त घेतो. लोक चिडतात, ते समजू शकतो.

अंडवृद्धी बहुधा दुखत नाही, जड होते. पण त्या माणसाचं जगणं पाहिलंय का कुणी? सायकलवर बसता येत नाही. पँट सोडून लुंगीवर येतो. धानाच्या रोवणीला गेला तर चिखलात वाकताना एका हाताने सावरतो. लग्नाला जात नाही, बसस्टँडवर उभा राहत नाही. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "हे घेऊनच जाळतील का मला?" त्यांची शस्त्रक्रिया झाली. नंतर स्वतः चालत उपकेंद्रात आले, फुलपँट घालून.

तंबाखूचं पान बांधतात, गरम विटेचा शेक देतात, कुणीतरी सुई टोचून पाणी काढून देतो. टोचून काढलेलं पाणी पुन्हा भरतं आणि वर संसर्ग व्हायची भीती. अंडवृद्धीची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. थंडी वाजून ताप, जांघेत गाठ, पिशवी लाल आणि गरम, असा झटका आला तर तेव्हाच दाखवायचं, अंगावर काढायचं नाही. आणि वर्षातून एकदा गोळ्या घेऊन आम्ही दारात येतो तेव्हा त्या आमच्यासमोर खा. गाईच्या गोठ्यात टाकून देऊ नका.

शल्यकर्मी

वैनगंगा, तुमच्या कामाला मनापासून दाद. त्याला एक जोड देतो. तरुण माणसाच्या पिशवीत नव्याने पाणी झालं असेल तर "अंडवृद्धीच आहे" म्हणून सोडू नये, सोनोग्राफी करावी. कधी पाण्याच्या आड आत गाठ दडलेली असते.

उसाचा_फड

माझे चुलते मार्केट यार्डात हमाल. पोतं उचललं की जांघेतून खाली फुगवटा यायचा, आडवं झालं की आत जायचा. वर्षानुवर्षं पट्टा बांधून काम केलं. हंगामात तो एकदा आत गेलाच नाही. कडक झाला, उलट्या सुरू झाल्या. आतड्याचा काही भाग कापावा लागला. हर्नियाचं दुखणंही लोक "अंडाचं" म्हणूनच सांगतात. आत जाणारा फुगवटा सवडीने ऑपरेशन करून टाका, आत न जाणारा आणि दुखणारा असेल तर ताबडतोब. हमाल बांधवांपर्यंत हे पोचवा. हंगाम बुडेल म्हणून थांबतात आणि सगळंच बुडतं.

दुपारचा_चहा

मी केशकर्तनालय चालवतो, दिवसभर उभा. संध्याकाळी डावीकडे ओढल्यासारखं, जड दुखतं. झोपलं की बरं वाटतं. हात लावला तर शिरांचा गुंता लागतो. वय ३१.

शल्यकर्मी

बहुधा व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगणं. शंभरातल्या पंधरा-एक पुरुषांना असतं, जास्त करून डावीकडेच, कारण तिकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त मागे साचतं. घाई नाही, पण एकदा तपासून सोनोग्राफी करा. आधार देणारी अंडरवेअर, अधूनमधून बसणं, याने बऱ्याच जणांचं भागतं. मूल होण्यात अडचण असेल किंवा दुखणं कामात आड येत असेल तर शस्त्रक्रिया. फक्त उजवीकडेच असेल, झोपल्यावरही शिरा रिकाम्या होत नसतील किंवा चाळिशीनंतर अचानक आलं असेल तर पोटाचीही तपासणी हवी.

परळकर

दुखण्याबद्दल सगळे लिहितायत. मी न दुखणाऱ्याबद्दल लिहितो. माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा होता. एका अंडकोषावर कडक गाठ, दुखत मुळीच नव्हती, म्हणून कुणाला सांगितलं नाही. शेवटी पाठ दुखायला लागली तेव्हा बोलला. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये कर्करोगाचे उपचार झाले. अंडकोष काढला, तोही जांघेतून छेद घेऊन. रक्तात एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच अशा तपासण्या. केमोथेरपीच्या आधी डॉक्टरांनी स्वतःहून वीर्य गोठवून ठेवायला सांगितलं. हे आम्हाला सुचलंच नसतं. आज त्याला मुलगी आहे.

कुणाच्याही अंडकोषात कडक गाठ लागली, एक बाजू जड किंवा मोठी वाटायला लागली, तर दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. उलट तेव्हा जास्त लवकर जा.

शल्यकर्मी

पूर्ण सहमत. अंडकोषाचा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो, पण १५ ते ४० या वयातच जास्त होतो आणि लवकर सापडला तर जवळजवळ सगळे बरे होतात. पसरल्यावरही मोठ्या प्रमाणात बरे होतात, ते सिस्प्लॅटिन या औषधामुळे. गाठीत सुई टोचून तुकडा काढू देऊ नका, पिशवीतून छेद घेऊ देऊ नका. परळकरांनी सांगितलेला जांघेचा मार्गच बरोबर.

दर महिन्याला तारीख लावून तपासत बसा असं मी म्हणणार नाही. त्याने भीतीच वाढते. पण गरम पाण्याने अंघोळ केल्यावर अंगठा आणि बोटांमध्ये हळुवार फिरवून आपलं नेहमीचं कसं लागतं ते माहीत असावं. मागे मऊ नळीसारखं लागतं ते नैसर्गिक. एक बाजू थोडी खाली असते तेही नैसर्गिक. नेहमीपेक्षा वेगळं लागलं तर त्याच आठवड्यात दाखवा.

ओंकारची_आई

माझं बाळ पाच महिन्यांचं. एका बाजूला अंडकोषाची गोळी हाताला लागत नाही. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की उतरेल.

शल्यकर्मी

ताई, सहा महिन्यांपर्यंत आपोआप उतरू शकते. त्यानंतर शक्यता फार कमी. आत्ताच बालशल्यचिकित्सकांची भेट ठरवा. शस्त्रक्रिया साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. वर राहिलेल्या अंडकोषात पीळ, पुढे वंध्यत्व आणि कर्करोग, तिन्हींचा धोका वाढतो. सासूबाईंना सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटेल. आणि बाळ कशानेच शांत होत नसेल तर डायपर उघडून नीट पाहायची सवय ठेवा, पिशवी आणि जांघ दोन्ही.

वयात आलेल्या मुलांना गालगुंड झालं तर आठवड्याभरात अंडकोष सुजू शकतो, हेही लक्षात असू द्या. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते. गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींची एकत्र लस असते, एमएमआर. तिच्याबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा.

मैदान_पहाटे

नवीन सदस्य आहे, या धाग्यासाठीच नाव नोंदवलं. वय १९, पोलीस भरतीची तयारी करतो. उजवीकडे अचानक भयंकर दुखतं, घाम फुटतो, मळमळतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत एकदम थांबतं. असं बऱ्याचदा झालंय. रूमवरचे म्हणतात धावण्याने नस चढते. सोनोग्राफी केली, नॉर्मल आली. मग काय समजायचं?

शल्यकर्मी

मित्रा, बरं झालं लिहिलंस. हे पीळ पडून आपोआप सुटत असल्याचं लक्षण असू शकतं. दुखत नसताना केलेली सोनोग्राफी नॉर्मलच येणार, कारण तेव्हा पीळ नसतो. एखाद्या वेळी तो सुटणार नाही. उद्याच सर्जरी किंवा युरोलॉजीच्या ओपीडीत जा आणि "अचानक येतं, अचानक थांबतं, मळमळ होते" हे याच शब्दांत सांग. "नस चढते" म्हणू नकोस. तोवर पुन्हा दुखलं तर थांबेल म्हणून घड्याळ बघत बसू नकोस, थेट कॅज्युअल्टी गाठ, काही न खाता-पिता.

मांजराकाठ

मैदान_पहाटे, सोबत जायला कुणी नसेल आणि तू लातूरच्या आसपास असशील तर मला निरोप कर. मी येतो.

इथे मिळालेल्या माहितीवरून एक पान लिहून मुलांच्या न्हाणीघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लावतोय, म्हणजे कुणी बघत नसताना वाचता येईल. खाली माझा, रात्रपाळीच्या शिपायाचा आणि १०८ असे तीन नंबर. प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून तातडीच्या उपचारांची लेखी संमती घ्यायलाही सुरुवात केली आहे. इतर गृहपालांनी हे जरूर करावं.

राधिका_एन

मिस्टर दाखल होते, आता घरी आलेत. संसर्गच होता, साखर चारशेच्या वर गेलेली. शिरेतून औषधं द्यावी लागली. सूज अजून आहे, पण ताप गेला.

मैदान_पहाटे

सर, दाखवलं. मोठ्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. दोन्ही बाजूंना टाके घालणार, पुढच्या आठवड्यात. घरी आईला सांगितलं, ती येतेय. एकच विचारायचं राहिलं, १६०० मीटर कधी धावता येईल? भरतीची जाहिरात कधीही येईल.

शल्यकर्मी

शाब्बास. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हळूहळू चालायचं, आधार देणारी अंडरवेअर कायम. आठवडाभरात टाके भरत येतील, बसून अभ्यास सुरू करता येईल. धावणं, गोळाफेक, सायकल, जड उचलणं साधारण चार आठवडे नाही. त्यानंतर तुझ्या सर्जनने तपासून हो म्हटलं की आधी जॉगिंग, मग अंतर वाढव. मैदानी चाचणीची तारीख त्याआधी आली तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन लगेच अर्ज दे, आणि टाके ओले असताना धावू नकोस.